आसेगावपर्यंतचं ऑइल

साऱ्या वऱ्हाडात गळकं इंजिन कोरडं करून देणारा माझ्या घरमालकांसारखा दुसरा माणूस झाला नाही, हे मी छातीला हात लावून सांगतो. आणि त्यांच्या स्वतःच्या जीपइतकं गळणारं वाहनही साऱ्या वऱ्हाडात झालं नाही, हे सांगतानाही तो हात मी खाली घेणार नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात होता आणि मी मेडशीला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो. नोकरी मलेरिया खात्यात. म्हणजे गावोगाव फिरायचं, ताप आलेल्या माणसाचं बोट टोचायचं, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या हातावर ठेवायच्या आणि भिंतीवर गेरूनं तारीख टाकून पुढचं दार गाठायचं. बोटं टोचत फिरणाऱ्या माणसाचं गाव कसं स्वागत करतं ते काय सांगावं. मी गल्लीत शिरलो की पोरं कणग्यांच्या मागे आणि चांगले मिशीवाले बापे मागच्या दारानं शेतात. मला बघून ज्याचा चेहरा उजळायचा असा साऱ्या मेडशीत एकच माणूस होता, आणि तो हा. गाव त्यांना काकाजी म्हणायचं, म्हणून मीही काकाजीच म्हणायचो.

काकाजी फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. तिथून सुटल्यावर त्यांनी लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी जीप घेतली. नाला, चिखल, काळी रानं, गोटाळ माळ, कुठंही घाला, ही जीप जायची. फक्त जाताना मागं ऑइल सांडत जायची. काकाजींची बायको फार पूर्वी वारलेली, एकुलत्या एक लेकीचं लग्न होऊन ती आसेगावला नांदत होती, तेव्हा त्या घरात तीनच जीव उरले होते: काकाजी, मी आणि जीप. त्यात मान जीपचा पहिला. फौजेत तिची नोकरी काकाजींपेक्षा जास्त वर्षं झाली होती, म्हणून ते तिला 'सिनियर' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. सकाळी हँडल मारण्याआधी कपाळाला हात लावून हलकीशी सलामी द्यायचे आणि मग, "चलता काय सिनियर?" असं अदबीनं विचारायचे. एकदा चपलेचा अंगठा सरळ करायला मी जीपच्या पुढच्या दांडीवर पाय ठेवला, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मीच जीपला हात जोडले तेव्हा कुठं घरात चहा झाला.

दुष्काळानं पोळलेल्या लोकांनी त्या वर्षांत जमेल तिथं विहिरी खोल केल्या आणि त्यांवर डिझेल इंजिनं बसवली. इंजिन म्हटलं की आज ना उद्या कुठून तरी ऑइल गळणार, आणि ऑइल गळालं की लोक काकाजींना बोलावणार. त्यांची तपासायची पद्धत न्यारी होती. आधी इंजिनाभोवती एक फेरी मारायची, मग गळणारं ऑइल बोटावर घेऊन वास घ्यायचा, आणि शेवटी चक्क जिभेच्या टोकाला लावून डोळे मिटायचे. मालक हात बांधून उभा. डोळे उघडले की निकाल. तालुक्याला नीट मापाचं गॅसकेट मिळायचं नाही. गॅसकेट म्हणजे इंजिनाच्या दोन लोखंडी भागांच्या मध्ये बसवायचा जाड कागद. तो विरला की तिथून ऑइल पाझरू लागतं. काकाजी ही गॅसकेटं लग्नपत्रिकांची कापायचे. कुणी पत्रिका घेऊन आलं की त्यांनी वधूवरांची नावं वाचलेली मी कधी पाहिली नाहीत. पत्रिका दोन बोटांत धरून ते जाडी बघायचे. एकदा मुलीचा बाप दारात उभा आणि काकाजी पत्रिका चाचपत मान हलवून म्हणतात, "टिकत नाही हे, लवकरच फाटते." त्या गृहस्थाला घाम फुटला. त्याची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. आमच्या भागातल्या निम्म्या इंजिनांच्या पोटात आपले आगमनाभिलाषी कुणी ना कुणी बसलेले असायचे, आणि ती इंजिनं टिपूसही न सांडता धडधडायची.

आणि अशा माणसाची जीप गळायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दुसऱ्याच्या इंजिनाला 'गळती' म्हणायचे, सिनियरला मात्र 'घाम' यायचा. गावच्या रस्त्यावर काळ्या थेंबांची अशी रेघ असायची की आज काकाजी कुणाकडे गेलेत हे कुणाला विचारावं लागत नसे. सकाळी सडा टाकून बसलेल्या बायका जीपचा आवाज आला की खराटा उगारून अंगणाच्या कडेला उभ्या राहायच्या. काकाजीही काही कमी नव्हते. ते सीटखाली राखेचा डबा बाळगायचे, आणि कुणाच्या दारात थेंब पडला की खाली उतरून त्यावर चिमूटभर राख टाकून, पुसून, मगच पुढं जायचे. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा गळती का काढत नाही, असं मी सुरुवातीला एकदा विचारलं. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांनी मला सगळं समजावलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथला मागचा सील गेला होता. तो बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवायचा. मग उतरवा ना, मी म्हटलं. तर म्हणाले, "वेळ कुठी आहे?"

आता वेळ नाही असं त्या माणसानं म्हणावं म्हणजे कमालच झाली. काम नसलं की त्यांना घर खायला उठायचं. दुपारी मी खोलीवर आलो की ते माझी सायकल उलटी करून बसलेले असायचे. माझी सायकल मेडशीत असेपर्यंत एकदाही बिघडली नाही, कारण बिघडायला तिला सवडच मिळाली नाही. मी जेवायला बसणार तोच माझा स्टोव्ह उघडून त्याचे सगळे भाग पाटावर मांडून ठेवायचे, म्हणजे तो पुन्हा जोडून होईपर्यंत मला तिथंच बसावं लागायचं, आणि त्यांना बोलायला माणूस मिळायचं. मी चिडायचो. पण मला तरी त्या खोलीत दुसरं कोण होतं? दिवसभर लोकांनी दारं लावून घेतलेली असायची. संध्याकाळी कुणी आपल्याला मुद्दाम अडकवून ठेवतंय, हे मनातून बरंच वाटायचं. त्या अडकवलेल्या संध्याकाळींमध्येच मला कळलं की जीपची गळती का निघत नाही.

काकाजींनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि त्या दिवशी नवस, उपास, शकुन, मुहूर्त सगळं एका झटक्यात सोडून दिलं होतं. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच वाटेनं जायचे. अमावस्येला इंजिन खोलायला त्यांना विशेष हुरूप यायचा. मालक कुरकुरला तर त्याला असं झाडायचे की तो बिचारा स्वतः पाना धरून उभा राहायचा. पण जुन्यातली एक रीत त्यांच्याकडून सुटली नव्हती. लेकीच्या सासरी बोलावल्याशिवाय आणि कामाशिवाय जायचं नाही, आणि गेलं तरी तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. मी म्हटलं, काकाजी, तुमी तर काहीच मानत नाही, मंग हे काहून मानता? ते बराच वेळ स्टोव्हची पिन साफ करत राहिले.

"हे मानणं नाही होय," ते म्हणाले. "हे लाज होय. बाप घडीघडी लेकीच्या दारात दिसला का लोक म्हणतात, म्हाताऱ्याले घरी कोणी नाही, लेकीच्या भाकरीवर येऊन राह्यला. मले म्हणू दे, मले काही नाही. पण तिले सासू आहे, जेठाणी आहे. तिले खाली पाहा लागते."

तेव्हा गोष्ट अशी होती: लेकीला डोळ्यांनी बघायचं तर काही तरी कारण हवं, आणि हे कारण सिनियरच्या पोटातून थेंबथेंब गळत होतं. मेडशीहून निघताना ऑइल काठोकाठ भरलेलं असायचं. मालेगाव मागं टाकून जीप आसेगावच्या शिवारात शिरली की बरोबर संपत यायचं. तिथून पुढं नेली तर इंजिन जाम झालं असतं. लेकीचं घर गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून. तिथं थांबणं भागच होतं, यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच काकाजी मेडशीतल्या मेडशीत कुणाचं काम असलं तर आज-उद्या करायचे, आणि आसेगावच्या पलीकडच्या एखाद्या खेड्यातून निरोप आला की भाकर अर्धी टाकून उठायचे. मलाही त्या बाजूची गावं फिरायची असत, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसायचो.

जीप थांबली की लेक बाहेर यायची. तिच्या मागं कधी सासू. काकाजी खाली न उतरता आधी मोठ्यानं जाहीर करायचे, की सिनियरले घाम आला, काय करता, थांबा लागलं. हे सासूला ऐकवण्यासाठी. मग बॉनेट उघडायचे, डबा काढायचे आणि ऑइल ओतायला सुरुवात करायचे. आता इंजिनात ऑइल ओतायला किती वेळ लागतो? पण काकाजींची धार असायची दोऱ्यासारखी. ऑइल थंड आहे, उतरायले वेळ लागते, म्हणायचे. वैशाखात, जीपच्या पत्र्यावर पापड भाजला असता अशा उन्हात, ऑइल थंड. लेक जीपच्या पायरीवर पदर सावरून बसायची आणि दोघांचं बोलणं चालायचं. बोलणं तरी काय, तुरीला फूल किती आलं, शेळी व्याली का, जावईबापूंचा खोकला गेला का. ती पाण्याचा तांब्या आणायची, आणि काकाजी जीपला टांगलेल्या आपल्या कापडी छागलीतलं पाणी प्यायचे. तांब्या मी रिकामा करायचो. डबा संपला की काकाजी चिंधीनं हात पुसायचे, आधीच पुसलेले हात पुन्हा पुसायचे, आणि हँडल मारायचे. 

एका उन्हाळ्यात लेक माहेरपणाला आली आणि घराला घरपण आलं. काकाजींनी त्या दिवसांत माझ्या सायकलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जाण्याचे दिवस जवळ आले तसे जावई तिला न्यायला आले. माणूस गुणी, नीटनेटका, सदऱ्याला सुरकुती नसलेला. आपल्या सासऱ्याची जीप दर वेळी आपल्याच दारात बंद पडते, गाव हसतं, हे त्यांच्या मनाला लागलेलं. म्हाताऱ्याला दुसऱ्यांच्या कामांतून सवड मिळत नसेल, असा त्यांनी सरळ हिशेब केला, आणि येताना अकोल्याहून जीपचा माहीतगार मिस्त्री आणि नवा सील, दोन्ही घेऊन आले. सासऱ्याला न सांगता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जावयानं प्रेमानं आणलेल्या गोष्टीला नाही म्हणायचं कसं? काकाजींनी तोंडभरून जावयाचं कौतुक केलं आणि अंगणात सतरंजी अंथरली. मिस्त्री जीपखाली शिरला. गिअरबॉक्स खाली आला तेव्हा काकाजी घरातून बाहेर, बाहेरून घरात अशा येरझारा घालत होते; दवाखान्यात आपलं माणूस आतल्या खोलीत कापायला नेल्यावर लोक घालतात तशा. मधेच म्हणाले, बाप्पा, जुने नट आहेत, राहू द्या, तुटतील. नट तुटले नाहीत. मग म्हणाले, ऊन झालं, जेवून घ्या, बाकीचं पुढच्या खेपेले. मिस्त्रीला ऊन लागत नव्हतं. दिवस कलायच्या आत सील बसला, गिअरबॉक्स चढला, इंजिन सुरू झालं आणि जावयांनी खाली पांढरा कागद धरून सगळ्यांना दाखवला. कोरा. मिस्त्री हात धूत म्हणाला की काम तर सोपं होतं, तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं इतकी वर्षं कसं काय राहू दिलं. काकाजी हसले. लेक ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती आणि ती हसत नव्हती. तिला सगळं कळलं होतं, पण नवऱ्यानं हौसेनं केलेल्या कामावर ती बिचारी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानंतर रोज सकाळी मी उठलो की काकाजी जीपखाली पालथे पडलेले दिसायचे. शोधत काय असायचे ते मला माहीत होतं, आणि सापडत नव्हतं हेही दिसत होतं. मिस्त्रीनं काम चोख केलं होतं. गावातल्या बायकांनी मात्र त्या मिस्त्रीला दुवा दिला. त्यांची अंगणं स्वच्छ राहू लागली. राखेचा डबा काकाजींनी चुलीजवळ नेऊन ठेवला.

पावसाळा सरता सरता आसेगावच्या पलीकडून एका इंजिनाचा निरोप आला. मलाही तिकडचीच गावं होती. काकाजींनी धुतलेला सदरा घातला, सिनियरला सलामी दिली आणि आम्ही निघालो. मालेगाव गेलं. कपाशीला बोंडं धरली होती. काकाजी वाटेत जीप थांबवून ऑइल पाहायचे, ऑइल मोजायची सळई पुसायचे, पुन्हा पाहायचे. काठोकाठ. आसेगावचं शिवार आलं तशी त्यांनी जीप इतकी हळू केली की एक बैलगाडी आमच्या पुढं निघून गेली. लेक रस्त्याकडेच्या त्यांच्याच वावरात निंदत होती. आवाज ओळखून ती उभी राहिली, हातातलं खुरपं खाली टाकलं आणि दोन पावलं धुऱ्याकडे, बांधाकडे आली. काकाजींनी हात वर केला. तिनंही केला. जीप चालतच राहिली.

मी म्हटलं, "काकाजी, थांबा ना."

"काहून थांबू?"

"लेकीले भेटायले."

"अन सासूले काय सांगू?"

मी म्हटलं, एक नट ढिला करा पुढच्या वेळी. तुम्हाला काय अवघड आहे? एवढं बोलायचा अवकाश, काकाजींनी जीप करकचून थांबवली. त्यांना इतकं रागावलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "चांगलं इंजन मी या हातानं बिघडवू? अन मंग तिच्यासमोर उभा राहून खोटं बोलू? आजवर थांबलो ते खरं होतं, म्हणून थांबलो." मी मागं वळून पाहिलं तर ती अजून धुऱ्यावर उभी होती. काकाजींनी मागं पाहिलं नाही. मला त्या वेळी त्यांचा राग आला, त्यांच्या लाजेचा आला, त्या अकोल्याच्या मिस्त्रीचाही आला. नुसतं जाऊन दार ठोठावायचं तर होतं. पण ज्याला ते दार ठोठावता येत नाही त्याला दुसऱ्यानं सांगून येत नसतं.

नंतर काकाजींनी त्या बाजूची कामं घेणंच सोडून दिलं. तब्येत बरी नाही म्हणून सांगायचे. दिवाळीनंतर गव्हाला पाणी सुरू झालं, इंजिनांचे दिवस आले, लोक बोलवायला यायचे आणि काकाजी जवळपासचं काम उरकून दुपारीच घरी. घरी येऊन काय करायचे? काही नाही. माझा स्टोव्ह खरोखर बिघडला तेव्हा मी मोठ्या आशेनं त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. त्यांनी तो दोन मिनिटांत दुरुस्त करून परत दिला आणि बाजेवर जाऊन आडवे झाले. जोडताना एक अक्षर बोलले नाहीत. मी इतका एकटा मेडशीत त्याआधी कधी नव्हतो. दोन माणसं एका छपराखाली राहतात आणि दोघांच्या चुली वेगवेगळ्या धुपतात, भाकरी वेगवेगळ्या करपतात, हे मला त्या हिवाळ्यात दिसलं. एकदा मी त्यांना जेवायला बोलावलं. आले, जेवले, ताट धुऊन ठेवलं आणि गेले.

अशात एका सकाळी एसटीचा कंडक्टर गाडी फाट्यावर उभी करून काकाजींच्या दाराशी आला. आसेगावहून निरोप होता. जावयांच्या विहिरीवरचं इंजिन ऑइल टाकू लागलं आहे, गहू पाण्यावर आलाय, लवकर या. काकाजींनी तो निरोप कंडक्टरकडून दोनदा वदवून घेतला. कोणी सांगतला? बाईनं. कोणत्या बाईनं? अहो, तुमच्याच लेकीनं. कंडक्टर वैतागून गेला आणि काकाजी आंघोळीला बसले. इंजिनाच्या कामाला निघालेला माणूस इस्त्रीचा सदरा घालतो हे मी तेव्हाच पाहिलं. मला म्हणाले, चला, तिकडं तापाचे लोक असतील. थंडीत मलेरियाचे कुठले लोक, पण मी पिशवी उचलली.

आम्ही थेट विहिरीवर गेलो. जावई गोंधळून उभे होते. काल दिवसभर इंजिन चांगलं चाललं, सकाळी बघतो तर खाली हे थारोळं, म्हणाले. लेक थोडी बाजूला, डोक्यावर पदर घेऊन. काकाजींनी त्यांच्या रीतीप्रमाणे फेरी मारली, पण वास घेतला नाही, जीभ लावली नाही. इंजिनाच्या बाजूच्या झाकणापाशी गुडघ्यावर बसले. तिथला एक नट ढिला होता. आपोआप ढिला झालेला नट आणि कुणी ढिला केलेला नट यांतला फरक मलाही कळला, कारण त्या नटाचे कोपरे ताजे सोललेले होते आणि आतलं पांढरं लोखंड चमकत होतं. कुणी तरी पक्कडीनं पकडून, घसरत, पुन्हा पकडत, नेटानं तो फिरवला होता. काकाजींनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं सोलवटलेली होती आणि हिरव्या बांगड्यांवर काळं ऑइल वाळलेलं होतं.

 जावयांनी एकदा नट पाहिला, एकदा बायकोचा हात पाहिला, एकदा सासऱ्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं. माणूस गुणी खराच. बैलांना वैरण टाकायची राहिली म्हणून ते गोठ्याकडे निघून गेले, आणि जाताना, काम घाईनं करू नका, असं सांगून गेले. त्यांच्या आवाजावरून मला वाटलं की उन्हाळ्यात अंगणात आपण नेमकं काय बंद केलं, ते त्यांना आत्ता समजलं.

 स्वतःच्या हातानं काकाजींनी नट कधीच ढिला केला नसता, आणि आता समोर नट खरोखरच ढिला होता, ऑइल खरोखरच गळत होतं, काम खरंच होतं. मी जरा धास्तावलो होतो, की चांगलं इंजिन बिघडवलं म्हणून हा माणूस पोरीवर ओरडतो की काय. त्यांनी पेटी उघडली, त्यातला एक पाना काढला, नटाला लावून माप बघितलं. नट आवळला. मग तो पाना पेटीत न ठेवता चिंधीनं स्वच्छ पुसला आणि लेकीच्या हातात दिला.

"पक्कडीनं नट खोलत नाही, माय," ते म्हणाले. "कोपरे मरतात, अन हात सोलते. हा ठेव तुझ्यापाशी."

तिनं पाना पदराखाली धरला आणि तिथंच धुऱ्यावर बसून रडली. काकाजी तिच्या शेजारी बसले. मी गव्हाकडे बघत उभा राहिलो, कारण मला बघण्यासारखं दुसरं काही सुचेना. एका नटाचं ते काम दिवस मावळेपर्यंत चाललं.

त्या हिवाळ्यात ते इंजिन वरचेवर बिघडलं. पुढच्या हिवाळ्यातही. मग माझी बदली झाली आणि मेडशी सुटली. नव्या गावात मी सायकल बिघडली की दुकानात द्यायचो आणि ती नीट होऊन यायची. तेवढ्यानं संध्याकाळ भरत नाही हे तिथं गेल्यावर कळलं. काही वर्षांनी त्या बाजूचा एक माणूस भेटला. त्यानं आनंदानं सांगितलं की आसेगावच्या शिवारात वीज आली, विहिरीविहिरीवर मोटारी बसल्या, आता बटण दाबलं की पाणी. ना डिझेल, ना ऑइल, ना मिस्त्रीची कटकट. मी त्याला फार बरं झालं म्हटलं. खरंच बरं झालं होतं, लोकांचे हाल वाचले होते. पण काकाजींबद्दल त्याला विचारायचं माझ्या जिवावर आलं. गावभर खांब येऊ देत, तारा येऊ देत, फक्त त्या एका विहिरीपर्यंत वीज जरा उशिरा पोहोचावी, असं मला तिथं उभ्या उभ्या वाटत राहिलं.